आभाळाचा कौल, जनतेचा कौल: शाळेतल्या मुलांना चीन कसा शिकवावा

राजा वाईट निघाला तर त्याला बदलायचं कसं?

नववीच्या वर्गात चीन शिकवायला घेतला की मी फळ्यावर आधी एवढाच प्रश्न लिहिते. मुलं भराभर उत्तरं देतात. निवडणुकीत पाडायचं, बंड करायचं, त्याच्या मुलाला गादीवर बसवायचं. ती तिन्ही उत्तरं मी फळ्याच्या कोपऱ्यात तशीच ठेवते, पुसत नाही. पुढचे सहा तास आम्हाला पुन्हा पुन्हा तिकडे बघावं लागतं.

चीनचा लिखित इतिहास तीन हजार वर्षांहून जुना. छिन, हान, थांग, सोंग, युआन, मिंग, छिंग अशी घराणी आणि त्यांच्या सनावळ्या दिल्या तर मुलं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. काही शाळा दुसऱ्या टोकाला जाऊन 'चीन दिवस' साजरा करतात. कागदी कंदील, नूडल्स, भिंतीवर ड्रॅगन. मुलांना मजा येते आणि ती यावीच, पण त्यातून चीन कळत नाही. (मंचुरियन तर आपल्या मुंबईतच जन्मलेलं.) एवढा मोठा देश लहान हातांत द्यायचा तर त्याला धरायला एक मूठ हवी. मला ती एका मराठी शब्दात सापडली: कौल.

कौल कोण देतं?

कोकणातल्या मुलांना देवाला कौल लावणं माहीत असतं. निवडणुकीचा निकाल लागला की 'जनतेचा कौल' हे शब्द तर घरोघरी ऐकू येतात. म्हणजे कौल ही वरून येणारी संमतीही असते आणि खालून येणारीही. चीनचं राजकारण समजायला याहून चांगला शब्द मला मिळालेला नाही.

इसवी सनापूर्वी अकराव्या शतकात झोऊ लोकांनी शांग घराण्याचा पाडाव केला. आता प्रश्न असा होता की पिढ्यान्‌पिढ्या गादीवर असलेल्या राजाला मारलं, हे लोकांना पटवायचं कसं? झोऊंनी सांगितलं की राज्य करण्याचा हक्क आभाळ देतं, आणि राजा प्रजेला छळू लागला तर आभाळ तो काढून घेतं. या कल्पनेचं चिनी नाव तियानमिंग. तियान म्हणजे आभाळ, मिंग म्हणजे आज्ञा. मी वर्गात त्याला 'आभाळाचा कौल' म्हणते.

कौल गेला हे ओळखायचं कसं? पूर, दुष्काळ, भूकंप, टोळधाड, आणि शेवटी बंड. बंड फसलं तर बंडखोर गुन्हेगार ठरतो. यशस्वी झालं तर आभाळानेच त्याला पाठवलं होतं असं म्हणतात. इथे दरवर्षी कोणीतरी हात वर करतंच: "म्हणजे बाई, जो जिंकला त्याचाच कौल?" हा प्रश्न आला की तास सार्थकी लागला असं मला वाटतं.

पण या कल्पनेला आणखी एक बाजू होती. कौल रक्तावर अवलंबून नव्हता. मिंग घराण्याचा संस्थापक झू युआनझांग दुष्काळात आईबाप गमावलेला, मठात राहून भीक मागितलेला गरीब शेतकऱ्याचा मुलगा होता. १३६८ मध्ये तो सम्राट झाला. युआन घराणं मंगोलांचं, छिंग घराणं मांचूंचं, म्हणजे बाहेरून आलेल्यांनाही कौल मिळू शकत होता. मेन्शियस या तत्त्वज्ञाला विचारलं गेलं की प्रजेने आपल्या राजाला मारणं योग्य आहे का. त्याचं म्हणणं असं की न्याय आणि माणुसकी सोडलेला तो राजाच उरला नव्हता, एक साधा इसम होता. इसमाला मारल्याचं ऐकलं आहे, राजाला मारल्याचं नाही.

आजच्या चिनी भाषेत क्रांतीला 'गमिंग' म्हणतात. शब्द फोडला की अर्थ निघतो: मिंग बदलणं, कौल काढून घेणं. आज चीनवर राज्य करणारा साम्यवादी पक्ष स्वतःला क्रांतिकारी म्हणवतो तेव्हा तो शब्द तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वादातून आलेला असतो.

परीक्षा देऊन कारभारी

सम्राटाला कौल मिळाला, पण एवढा देश एकटा माणूस चालवणार कसा? इथे पुण्यातल्या अभ्यासिका कामी येतात. ज्यांचा दादा किंवा ताई एमपीएससीची तयारी करते, त्यांना हा भाग दोन मिनिटांत समजतो.

साधारण सातव्या शतकाच्या आरंभापासून १९०५ पर्यंत, म्हणजे सुमारे १३०० वर्षं, चीनमध्ये अधिकारी निवडायला लेखी परीक्षा होत्या. नानजिंगच्या परीक्षागृहात वीस हजारांहून अधिक कोठड्या होत्या. परीक्षार्थी जेवण, अंथरूण घेऊन आत जाई आणि अनेक दिवस तिथेच बसून लिही. अभ्यासाला मुख्यतः कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथ. बायकांना परवानगी नव्हती, आणि वर्षानुवर्षं मुलाला अभ्यासाला बसवणं गरिबाला परवडत नव्हतं. तरीही गुणवत्तेवर अधिकारी निवडायचे ही कल्पना त्या काळात फार मोठी होती. १८५० च्या दशकात ब्रिटनमध्ये सनदी सेवेला स्पर्धा परीक्षा लावण्याचा वाद झाला तेव्हा चीनचा दाखला दिला जात होता. आपल्या कलेक्टरच्या परीक्षेचा एक धागा असा तिकडे जातो.

देशाच्या दोन टोकांना एकमेकांची बोली कळत नसताना सगळ्यांची एकच परीक्षा घेता आली ती लिपीमुळे. इसवी सनपूर्व २२१ मध्ये छिन सम्राटाने वजनं, मापं, गाड्यांच्या चाकांमधलं अंतर आणि लिपी एकसारखी केली. ही लिपी कशी चालते ते सांगायला मी फळ्यावर '५' काढते. आपण त्याला पाच म्हणतो, तमिळ माणूस अंजू म्हणतो, कन्नड माणूस ऐदू. खूण एक, उच्चार वेगळे. चिनी लिपीत बहुतेक सगळ्या शब्दांचं असं असतं. मग मुलांकडून झाडाची खूण काढून घेते: उभी रेघ, वर आडवी फांदी, दोन तिरप्या मुळ्या. दोन झाडं शेजारी काढली की वन, तीन काढली की अरण्य. अख्ख्या सहा तासांतला हा सगळ्यात गोंगाटाचा आणि आनंदाचा भाग.

ती परीक्षा गेली, पण तिची सवय गेली नाही. माओंनी तरुणांना जुन्याविरुद्ध पेटवलं त्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडलेली विद्यापीठ प्रवेश परीक्षा १९७७ च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली. तेव्हा ५७ लाख जण बसले आणि पावणेतीन लाखांच्या आसपास निवडले गेले. २०२४ मध्ये त्याच परीक्षेला, गावखाओला, १ कोटी ३४ लाख मुलांनी नावं नोंदवली. बारावी, जेईई, नीटच्या वर्षातून जाणाऱ्या घरांना चिनी घरातली ती घुसमट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मुंबईत बांधलेलं जहाज

आता चीनच्या मनातली जखम. ती कळली नाही तर आजचं चिनी सरकार जे बोलतं ते निव्वळ आढ्यता वाटेल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांना चीनचा चहा हवा होता. (आपला 'चहा' हा शब्दही तिकडूनच आलेला.) बदल्यात चीनला इंग्रजांकडून फारसं काही नको होतं, म्हणून चांदी मोजावी लागे. इंग्रजांनी तोडगा काढला तो अफूचा. बंगाल आणि बिहारची अफू कलकत्त्याहून जाई, माळव्याची अफू मुंबईहून. मुंबईच्या कित्येक व्यापाऱ्यांनी त्यात पैसा कमावला. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनशी केलेल्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून आला, आणि त्याच संपत्तीतून १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. हे सांगितल्यावर वर्ग गप्प होतो. मी त्या शांततेत घाईने काही बोलत नाही.

१८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून हूमेनच्या किनाऱ्यावर नष्ट केली. ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि जिंकलं. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानजिंगजवळ यांगत्से नदीत उभ्या असलेल्या 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर तह झाला. हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली, वर दोन कोटी दहा लाख डॉलरची भरपाई. ती युद्धनौका १८१३ साली मुंबईच्या गोदीत, वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली, सागवानात बांधलेली होती. १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच सैन्याने बीजिंगचा जुना उन्हाळी राजवाडा जाळला. त्या मोहिमेवर गेलेल्या फौजेत हिंदुस्थानी शिपाईही होते. आपण तेव्हा गुलाम होतो हे खरं, पण चिनी लोकांच्या आठवणीतल्या चित्रात आपले चेहरे आहेत हेही खरं.

१८४० ते १९४९ या काळाला चिनी शाळांमध्ये मानहानीचं शतक म्हणून शिकवतात. आधुनिक इतिहासाचा धडा अफूच्या युद्धापासूनच सुरू होतो. पाठ्यपुस्तकं कशी घडवली जातात याचं एक उदाहरण मी मुलांना देते. जपानविरुद्धचं युद्ध किती वर्षं चाललं? चिनी पुस्तकांत कितीतरी वर्षं 'आठ' असं उत्तर होतं, १९३७ ते १९४५. २०१७ मध्ये शिक्षण खात्याने ते 'चौदा' करायला सांगितलं, कारण मोजणी १९३१ च्या मांचुरियावरील आक्रमणापासून धरायची ठरली. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. युद्ध कुठून सुरू झालं हे ठरवण्यात राजकारण आहे. मग मी विचारते, १८५७ ला बंड म्हणायचं, उठाव म्हणायचं की स्वातंत्र्ययुद्ध? मुलं आपलं पुस्तकही जरा वेगळ्या नजरेने उघडतात.

भूक

१२ फेब्रुवारी १९१२ रोजी सहा वर्षांच्या पूयी या शेवटच्या सम्राटाच्या नावाने गादी सोडल्याचं जाहीर झालं. नंतरची सदतीस वर्षं मी झरझर सांगते: सुन यत्-सेन यांचं प्रजासत्ताक, सुभेदारांच्या आपसांतल्या लढाया, १९२१ मध्ये शांघायला स्थापन झालेला साम्यवादी पक्ष, जपानी आक्रमण, यादवी युद्ध, १ ऑक्टोबर १९४९ रोजी माओंनी केलेली जनता प्रजासत्ताकाची घोषणा आणि हरलेल्या सरकारचं तैवानला जाणं. इथे थांबत नाही, कारण मला पुढे जिथे थांबायचंय ती जागा वेगळी आहे.

१९५८ मध्ये माओंनी 'मोठी झेप' जाहीर केली. शेतं सामुदायिक झाली, माणसं शेती सोडून परसातल्या भट्ट्यांत लोखंड वितळवू लागली. वरच्यांना खूश करायला गावोगावचे अधिकारी पिकाचे फुगवलेले आकडे पाठवू लागले. सरकारने त्या आकड्यांच्या हिशेबाने धान्य उचललं, आणि गावात खायला उरलं नाही. १९५९ च्या उन्हाळ्यात संरक्षणमंत्री पंग दहुआई यांनी माओंना पत्र लिहून चुका दाखवल्या. त्यांचं मंत्रिपद गेलं. त्यानंतर तोंड उघडणार कोण? पुढच्या दोन-तीन वर्षांत मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत.

हे ऐकताना मुलांना घरी जाऊन आजीला किंवा पणजीला १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारायला सांगते. दुसऱ्या दिवशी मुलं गोष्टी घेऊन येतात: खडी फोडायला गेलो, पाझर तलावावर माती वाहिली, सुकडी खाल्ली, तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. हाल अतोनात झाले. पण चीनसारखी माणसं मेली नाहीत. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. ती कामं निघाली कारण वर्तमानपत्रं लिहीत होती, मोर्चे निघत होते, विरोधी पक्ष सभागृहात धारेवर धरत होता आणि पुढच्या निवडणुकीत तोंड दाखवायचं होतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी त्याच काळात रुजली. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी हे दोन्ही प्रसंग अभ्यासले आहेत.

मात्र याच अभ्यासकांनी दुसरी गोष्टही सांगितली, आणि ती मुलांपासून लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. रोजच्या कुपोषणाने आणि साध्या आजारांनी गुपचूप मरणारी माणसं भारतात चीनपेक्षा कितीतरी जास्त होती. साक्षरता आणि प्राथमिक आरोग्य यांत चीन आपल्या पुढे गेला. मतदानाने दुष्काळातली उपासमार टळते, पण शाळा आणि दवाखाने आपोआप होत नाहीत.

आज कौल कोणाकडे?

सांस्कृतिक क्रांतीची दहा वर्षं, १९६६ ते १९७६, मी एका दृश्यातून सांगते: शाळेतली मुलं आपल्याच शिक्षकांना भर सभेत अपमानित करतात. मुलं माझ्याकडे बघतात आणि खाली बघतात. जास्त सांगावं लागत नाही.

माओ १९७६ मध्ये गेले. १९७८ च्या हिवाळ्यात आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावात अठरा शेतकऱ्यांनी चोरून एक कागद केला. सामुदायिक जमीन आपसांत वाटून घ्यायची, सरकारचा वाटा द्यायचा, उरलेलं आपलं. कोणी तुरुंगात गेलं तर बाकीच्यांनी त्याची पोरं वाढवायची. खाली अंगठे. तंग श्याओफिंग यांच्या सरकारने त्यांना शिक्षा करण्याऐवजी तीच पद्धत देशभर जाऊ दिली. पुढच्या चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी माणसं अतिगरिबीतून बाहेर आली, असं जागतिक बँकेची मोजणी सांगते. इतक्या थोड्या काळात इतकं कुठेच झालेलं नाही. हे सांगताना मी हात आखडता घेत नाही.

आता रचना. प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरच्या शेजारी एका पक्षाचा सचिव बसतो आणि अखेरचा शब्द त्याचा, अशी कल्पना करा. प्रांतात राज्यपालाच्या वर पक्षसचिव, विद्यापीठात कुलगुरूंच्या वर पक्षसचिव. सैन्यसुद्धा पक्षाचं. पक्षाचे सभासद १० कोटींच्या थोडे वर, त्यांच्या शिखरावर पॉलिटब्यूरोची, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाची, स्थायी समिती, माणसं सात. शी जिनपिंग यांना आपण राष्ट्राध्यक्ष म्हणतो, पण त्यांची खरी ताकद पक्षाचं सरचिटणीसपद आणि लष्करी आयोगाचं अध्यक्षपद यांत आहे. (त्यांचं आडनाव शी. चिनी माणसं आडनाव आधी लावतात. नुसतं 'जिनपिंग' लिहिणं म्हणजे परक्या वर्तमानपत्राने आपल्या पंतप्रधानांना नुसतं 'नरेंद्र' म्हणणं.) ११ मार्च २०१८ रोजी राष्ट्राध्यक्षपदावरची दोन कारकिर्दींची मर्यादा काढली तेव्हा बाजूने २,९५८ मतं पडली, विरोधात २. हा आकडा लिहिला की मी गप्प बसते. मुलंच बोलतात.

मग पक्षाला कौल दिला कोणी? पक्षाचं उत्तर असं: मानहानी आम्ही संपवली, भूक आम्ही संपवली, देश आम्ही मोठा केला. मतपेटीऐवजी कामगिरी. अनेक चिनी नागरिकांना हे मनापासून पटतं, आणि त्यांना मूर्ख समजून चालणार नाही. पण कामगिरी घसरली तर? फळ्यावरचा पहिला प्रश्न इथे परत येतो. १९८९ च्या वसंतात बीजिंगच्या तियानआनमेन चौकात विद्यार्थी आणि कामगार जमले, भ्रष्टाचाराविरुद्ध आणि मोकळेपणासाठी. ३ आणि ४ जूनच्या रात्री सैन्य रणगाडे घेऊन शिरलं. माणसं शेकडो मेली, कदाचित हजारांवर. चीनमधल्या शाळेत ही तारीख शिकवली जात नाही, तिथल्या इंटरनेटवर ती शोधूनही सापडत नाही. चौकाच्या नावातला 'तियान' म्हणजे तेच आभाळ. तियानआनमेन म्हणजे आभाळाच्या शांतीचं द्वार.

शेवटचा तास

१९६२ मी शेवटी शिकवते. आधी शिकवलं तर पुढचं काही ऐकायला मुलांची मनं मोकळी राहत नाहीत. मॅकमहोन रेषा, तिबेट, अक्साई चीनमधून काढलेला रस्ता, २० ऑक्टोबरचा हल्ला, २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी थांबवलेली लढाई. यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं म्हटलं गेलं, ते वाक्य आजही मुलांच्या घरात कोणाला ना कोणाला पाठ असतं. मग १५ जून २०२०, गलवान. आपले वीस जवान गेले, त्यांची नावं दुसऱ्याच दिवसापासून देशाला कळली, गावोगाव अंत्ययात्रा निघाल्या. चीनने आपले चार सैनिक गेल्याचं सांगितलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये, आठ महिन्यांनी. कौल खालून घ्यावा लागत नसेल तर मेलेल्या सैनिकाचं नाव सांगायलाही आठ महिने लागू शकतात.

आणि मग कोणीतरी विचारतंच: "बाई, चिनी लोक कसे असतात?"

उत्तर द्यायच्या आधी मी ह्युएन त्संग या चिनी प्रवाशाने आपल्याबद्दल काय लिहिलं ते सांगते. सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, तो महाराष्ट्रात आला होता. इथली माणसं उंच, साधी आणि मानी आहेत, असं त्याने लिहिलं. उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, मदत मागितली तर स्वतःला विसरून धावतात, आणि सूड घ्यायचा असला तरी शत्रूला आधी सावध करतात. मुलं खूश होतात. मग मी विचारते, तुम्ही सगळे असेच आहात का? वर्गातला प्रत्येक जण? हळूहळू माना हलतात, नाही म्हणून. तसेच ते.

त्यानंतर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट. मुंबईत शिकलेला हा तरुण १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. चिनी शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले, ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते हबेई प्रांतातच गेले. त्यांचा मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. सेनानी न्ये रोंगझेन यांनी सुचवलेलं नाव त्याला ठेवलेलं होतं: यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

ती दोन अक्षरं मी फळ्यावर मोठी काढते. मुलं ती वहीत उतरवतात, रेघा चुकतात, खोडून पुन्हा काढतात, आणि घंटा होते.